हाडातली गाठ जाळणारी सुई : एका रिवायंडिंगवाल्याचा रिव्ह्यू

जळलेली मोटार दुकानात आली की मी आधी तिचा वास घेतो, मीटर नंतर लावतो. वार्निश जळाल्याचा वास वेगळा, केबलचं रबर वितळल्याचा वेगळा. तिसऱ्या जातीच्या मोटारीला वासच नसतो. बाहेरून सगळं ठीक, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ठीक, आणि शेतात लावली की नुसती गुं गुं करते. ही जात सगळ्यात जास्त छळते. आमच्या पोट्ट्याचा डावा पाय तसाच होता. सूज नाही, ताप नाही, कुठं पडल्याची खूण नाही, आणि रात्री दोन वाजले की पोट्टा उशीत तोंड खुपसून रडायचा.

माझं दुकान राळेगाव तालुक्यात, वडकीपासून आत एका गावात. पाण्यातल्या मोटारी, थ्रेशरच्या मोटारी, गिरणीची मोटार, उन्हाळ्यात कूलर. गेल्या श्रावणात नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात पोट्ट्याच्या मांडीच्या हाडात सुई घालून, तिच्यातून करंट सोडून आतली गाठ जाळली. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन असं त्याचं पूर्ण नाव, दवाखान्यात सगळे आरएफए म्हणतात. तेव्हापासून तिघांनी दुकानात येऊन विचारलं, एकाचा पुसदहून फोन आला, की कसं करतात, किती लागतात, पोट्टा चालतो का. दर वेळी अर्धा तास जातो आणि हातातली कॉइल तशीच राहते. म्हणून एकदाच लिहून काढलं. दवाखान्याचं नाव देत नाही, मशीनच्या कंपनीचंही नाही, कारण त्यांचं जे चुकलं तेही यात येणार आहे.

दुखणं सुरू झालं पोळ्याच्या आसपास. पोट्टा तेव्हा आठवीत, कबड्डी खेळायचा, म्हणून आम्ही धरून चाललो की मुरगळलं असेल. पहिले डॉक्टर म्हणाले वाढीचं वय आहे. दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. तिसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढला, त्यात हाड एका जागी थोडं जाड दिसलं, एवढंच. चौथ्या ठिकाणी एमआरआय झाला आणि तिथल्या माणसानं, दारात उभ्या उभ्या, पोट्ट्याच्या समोर सांगितलं की हाडात बरंच पसरलेलं दिसतंय, जंतू असतील नाहीतर कॅन्सर. एसटीत बायको वडकी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर कळलं की या गाठीच्या भोवती हाडाला एवढी सूज येते की एमआरआयमध्ये सूजच दिसते आणि गाठ तिच्यात लपून जाते. डीपीवरचा फ्यूज उडाला म्हणून अख्खी लाइन बदला म्हणण्यासारखं ते होतं.

बुढीचं, म्हणजे माझ्या मायचं, म्हणणं वेगळंच. "बिब्ब्याचा डाग देऊन पाहू. हाडातलं निंगून जाते." मी नको म्हटलं. मेळघाटात तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं डंबा देतात, त्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात, त्या मी तिला वाचून दाखवल्या. ती चिडली. "मी काय विळा घेऊन बसली काय? बिब्बा मनलं म्या."

पण शोध लागला तो बुढीमुळेच. तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांचा पत्ता महिनाभर पुरायचा, तो वीस दिवसांत संपायला लागला. तिला वाटलं मेडिकलवाला कमी देतो. एका रात्री थ्री फेजची पाळी होती, मी कोणाच्यातरी विहिरीवर होतो, आणि पोट्टा फारच तळमळायला लागला म्हणून तिनं स्वतःच्या पत्त्यातली एक गोळी त्याला दिली. तो सकाळी सातपर्यंत झोपला. मग खरं बाहेर आलं, की हे पहिल्यांदा नव्हतं, तो तिच्या पत्त्यातून गुपचूप घेतच होता. डॉक्टरांची पॅरासिटामॉल खाऊन काही व्हायचं नाही आणि आजीच्या आयबुप्रोफेननं अर्ध्या तासात दुखणं बंद.

हे मी वर्ध्याकडच्या एका हाडांच्या डॉक्टरांना सहज सांगितलं, खरं तर बुढीची तक्रार म्हणून. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. "रात्रीच जास्त दुखते? आणि त्या गोळीनंच थांबते?" दोनदा विचारलं. मग म्हणाले, बारीक कापांचा सीटी स्कॅन करा, फक्त या जागेचा. त्यात दिसलं. मांडीच्या हाडाच्या जाड भिंतीत एक काळा ठिपका, त्याच्या मधोमध पांढरा कण, सगळं मिळून ८ मिलिमीटर. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. साधी गाठ, कॅन्सर नव्हे, पसरत नाही. १९३५ साली न्यूयॉर्कच्या जाफे नावाच्या डॉक्टरांनी तिला वेगळी गाठ म्हणून ओळखलं. पोरांना पोरींपेक्षा जास्त होते, शाळा-कॉलेजच्या वयात, बहुतेक मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात. या एवढ्याशा ठिपक्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन भरपूर तयार होतं आणि तेच दुखवतं. बुढीची गोळी नेमकं तेच रसायन तयार होऊ देत नाही, म्हणून ती चालली. तर अकरा महिने, चार दवाखाने, एक एमआरआय, आणि फॉल्ट सापडला गोळ्यांच्या पत्त्यात.

डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. ही गाठ काही जणांत काही वर्षांनी आपोआप विझते, तोवर गोळ्या खात राहा. पण रोजच्या गोळीनं पोट आणि किडनी खराब होऊ शकते. दुसरा, पाय उघडून हाड कोरून काढायचं. पण ऑपरेशनच्या टेबलावर उघड्या डोळ्यांनी ८ मिलिमीटरचा ठिपका सापडत नाही, म्हणून आजूबाजूचं जास्त हाड काढावं लागतं, मग पट्टी-स्क्रू, महिनोन्‌महिने कुबड्या. तिसरा, सुई. सुईनं ही गाठ जाळल्याची पहिली माहिती १९९२ साली छापून आली, अमेरिकेतल्या बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या रोझेन्थाल आणि त्यांच्या सोबत्यांची, फक्त चार पेशंटची. आज जगभर पहिली पसंती हीच. दहातल्या नऊ जणांचं एकाच वेळेत काम होतं. उरलेल्यांना पुन्हा सुई घालता येते.

घरी सांगितलं तर बुढी सगळं ऐकून म्हणाली, "मंग डागच देऊन रायले ना." मी म्हटलं हो, पण आतून. "आतून काय न बाहेरून काय. मी मनलं तवा नाय आयकलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही.

आता मशीनबद्दल. हाच भाग मला लिहायचा होता.

नागपूरला सकाळी सातला बोलावलं होतं, पोट्टा रात्री दहापासून उपाशी. आम्ही पहाटे वडकीहून निघालो, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत पावणेसातला दारात. तर मशीनच आलेलं नाही. हे मला माहीतच नव्हतं की बऱ्याच दवाखान्यांकडे हे मशीन स्वतःचं नसतं. कंपनीचा माणूस ते बॅगेत घालून आणतो, काम झालं की घेऊन जातो, जशी आपल्याकडे थ्रेशर गावोगाव फिरते. तो दीड वाजता आला. पोट्टा तोवर पाण्याविना सुकून गेला होता आणि बायको नर्सबाईंशी दोनदा भांडली होती. भांडण रास्त होतं. दुपारी मशीन येणार हे आदल्या दिवशी माहीत असतं, मग लेकराला सकाळी सातपासून कशाला बसवायचं?

पण त्या मशीनवाल्या पोराशी माझं जमलं. अमरावतीचा, सव्वीस-सत्तावीसचा. सीटीच्या खोलीची तयारी होईपर्यंत तो माझ्याच बाकड्यावर बसला होता. मी बॅगेकडे पाहून विचारलं, किती वॉटचं? तो हसला. "काका, पेशंटचे नातेवाईक विचारतात दुखेल का. वॉट कोणी विचारत नाही." मग म्हणाला, जास्तीत जास्त २००, आणि हाडातल्या एवढ्याशा ठिपक्याला त्यातला थोडाच लागतो. मी गप्प झालो. वार्निश सुकवायला माझ्या दुकानात जी पत्र्याची पेटी आहे तिच्यात २०० वॉटचाच बल्ब आहे.

त्यानं सुईचं पाकीट दाखवलं, सीलबंद, बाहेरून. लांब बारीक सुई, वरून खालपर्यंत इन्सुलेशन, आणि टोकाचे काही मिलिमीटर फक्त उघडे. मी म्हटलं, हे तर आमच्या वाइंडिंगच्या तारेसारखं झालं. तांब्याच्या तारेवर इनॅमल असतं, आपण टोक ब्लेडनं खरवडतो आणि तेवढंच टोक जोडाला लागतं. तो म्हणाला, अगदी तेच, करंट फक्त उघड्या टोकातून बाहेर पडतो.

दुसरा प्रश्न मला रात्रभर छळत होता तो विचारला. लेकराच्या अंगातून करंट जाणार तर झटका का नाही लागणार? भूल दिली म्हणून? तर नाही. घरातला करंट सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. या डब्यातला चार-पाच लाख वेळा. एवढ्या वेगात नसांना आणि स्नायूंना करंट आल्याचं कळतच नाही, म्हणून अंग आकसत नाही, हृदय चुकत नाही. हे आधी दाखवलं फ्रान्सच्या द'आर्सोनव्हाल नावाच्या माणसानं, १८९० च्या सुमारास. हे नाव ऐकून मी उडालोच. काट्याच्या मीटरात जी हलणारी कॉइल असते ती द'आर्सोनव्हाल टाइप, हे आयटीआयमध्ये पाठ केलं होतं आम्ही. तोच माणूस. इतकी वर्षं माझ्या हातातल्या मीटरात तो बसून होता. त्यानंतर १९२६ मध्ये बोस्टनलाच बोवी नावाच्या शास्त्रज्ञानं बनवलेला असाच डबा घेऊन हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जननं ऑपरेशन केलं. आजही ऑपरेशन थिएटरात चिरणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या करंटच्या पेनाला कित्येक डॉक्टर बोवीच म्हणतात.

आणि सुई स्वतः तापत नाही. हे बहुतेकांना उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं की सोल्डरिंगच्या इस्त्रीसारखं असेल. तसं नाही. आपल्याकडे हॉस्टेलची पोरं दोन ब्लेडांच्या मध्ये काडी ठेवून, वायर बांधून बादलीत सोडतात, तो हीटर आठवा. (करू नका. मी दोन पोरांचे हात पाहिले आहेत.) त्यात ब्लेड तापत नाही, पाणी तापतं, आणि चिमूटभर मीठ टाकलं की लवकर तापतं, कारण करंट खाऱ्या पाण्यातून वाहतो. मांस आणि हाडातला ओलावा म्हणजे खारं पाणीच. करंट लाखो वेळा उलटसुलट होतो तसे त्या क्षारांचे कण मागेपुढे घासतात आणि त्या घर्षणानं टोकाभोवतीची जागा तापते. टोकात तापमान मोजणारा सेन्सर असतो. ६० डिग्रीच्या वर पेशी तिथल्या तिथं मरतात, अंड्याचा पांढरा भाग गोठतो तसं. १०० च्या वर गेलं की पाणी उकळतं आणि कोळसा होतो.

मी विचारलं, मग १०० वर नेऊन पटकन का नाही संपवत? यावर त्याचं उत्तर ऐकून मी त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहणं सोडलं. कोळसा झाला की त्याचा रोध वाढतो, करंट पुढे जात नाही, आणि बाहेरचा भाग जळून आतला तसाच राहतो. डब्यावर ओहम, म्हणजे रोधाचा आकडा, दिसतात, ते एकदम वाढले की मशीन स्वतःच हात आखडतं. हे तर वार्निशचं आहे! नवा शिकाऊ पोरगा घाई करतो, बल्बच्या जागी शेगडी ठेवतो, स्टेटर, म्हणजे मोटारीचा कॉइलवाला भाग, वरून कडक होतं आणि आत ओलं राहतं, आणि ती मोटार पंधरा दिवसांत परत येते. म्हणून रात्रभर बल्ब. इथं ९० डिग्री, सहा मिनिटं.

एका गोष्टीवर मात्र मी त्याला टोकलं. दुसऱ्या मांडीला एक मोठी चिकटपट्टी लावतात, वायरसकट. तो तिला ग्राउंड पॅड म्हणत होता. मी म्हटलं, ही अर्थिंग नाही, ही न्यूट्रल आहे. करंट सुईतून निघतो आणि या पट्टीतून डब्यात परत जातो, जमिनीत जात नाही. तो थोडा थांबला आणि म्हणाला, बरोबर, इंग्रजीतही तिला रिटर्न म्हणतात, पण सवयीनं सगळे ग्राउंड म्हणतात. मी एवढं का ताणलं ते पुढं कळेल. सुईच्या टोकाशी आणि पट्टीशी करंट तेवढाच असतो. टोक एवढंसं म्हणून तिथं सगळी गर्मी गोळा होते, पट्टी तळहाताहून मोठी म्हणून तिथं पसरून जाते. मात्र पट्टी पूर्ण चिकटली तरच. लूज जोड तापतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

हाच डबा वेगळ्या सुया लावून बऱ्याच कामांना येतो असं तो सांगत होता. लिव्हरमधली गाठ, साधारण ३ सेंटीमीटरपर्यंतची चांगली जळते. पण बाजूनं मोठी रक्तवाहिनी जात असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूची कड कच्ची राहते. हे मला समजावून सांगायची गरजच पडली नाही, पाण्यातली मोटार पाण्यामुळेच थंड राहते, विहीर आटली की जळते. थायरॉइडच्या गाठी, गुडघ्याची दुखणारी नस, हृदयाचे ठोके चुकवणारी जागा, पायाच्या फुगलेल्या शिरा, या सगळ्यांना याच तत्त्वाची वेगवेगळी हत्यारं. आणि आता एक जात अशीही आहे जिच्यात जाळणं नाहीच. दोन-चार सुया रोवून त्यांच्यामध्ये ३००० व्होल्टपर्यंतचे, सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्शाचे झटके देतात, आणि पेशींच्या पडद्याला भोकं पडून त्या मरतात. रक्तवाहिनी किंवा नळी जवळ असेल तिथं ती वापरतात. तिच्यात मात्र स्नायू जोरात आकसतात, म्हणून पूर्ण भूल आणि स्नायू सैल करायचं औषध लागतंच. ती सुई मी पाहिली नाही.

तीन वाजता पोट्ट्याला आत नेलं. पूर्ण भूल, कारण गाठीला सुईचा धक्का लागला की अर्धवट गुंगीतलं माणूसही ओरडतं म्हणे. दार बंद झालं आणि वर लाल दिवा लागला. मला वाटलं होतं सहा मिनिटांचं काम, अर्ध्या तासात बाहेर. लागला एक तास चाळीस मिनिटं. नंतर डॉक्टरांनी, म्हणजे सीटी पाहून सुई घालणारे रेडिओलॉजिस्ट असतात त्यांनी, पडद्यावर सगळं दाखवलं. आधी स्कॅन, कातडीवर खूण, मग बारीक ड्रिलनं हाडाच्या भिंतीला भोक, थोडं आत, पुन्हा स्कॅन, थोडं तिरकं झालं म्हणून मागं, पुन्हा स्कॅन. असं सात-आठ वेळा. मांडीची मोठी नस कुठून जाते ते पाहून रस्ता ठरवलेला. शेवटच्या चित्रात काळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्ये सुईचं टोक. बोअरमध्ये पडलेली मोटार गळ टाकून काढताना दोनशे फूट खाली आंधळेपणानं चाचपडत बसणारा माणूस मी, मला ते चित्र पाहून कोणाच्यातरी हाताला हात लावावासा वाटला.

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर पोट्टा कण्हत होता. भोक पाडल्याचं दुखणं वेगळं, ते एक-दोन दिवस राहतं हे आधीच सांगितलं होतं. त्याला इंजेक्शन दिलं. रात्री मी खाटेजवळ खुर्चीवर. सवयीनं दोनच्या आधी जाग आली. पोट्टा झोपलेला. अडीच. तीन. मी उठून त्याच्या नाकासमोर हात धरला, श्वास पाहायला, लाज वाटली पण धरला. पाच वाजता तो उठला आणि म्हणाला, "बाबा, भूक लागली. तर्रीपोहे भेटतीन का?" पाय कसा आहे विचारलं तर त्याला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल विचारतो. मग म्हणाला, "वरून दुखते थोडं. आतलं नाही."

तर मशीनला आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरांना माझ्याकडून पाचपैकी पाच. आज सात महिने झाले, एकही रात्र नाही, एकही गोळी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी, स्वतःच्या पायांनी. तीन महिने धावणं, उड्या, कबड्डी बंद होती, कारण भोक पडलेलं हाड तेवढा काळ कच्चं असतं. ते आम्ही पाळलं, त्यानं कमी, त्याच्या आईनं जास्त.

दवाखान्याच्या कारभाराला पाचपैकी अडीच, तेही नर्सबाईंनी रात्री चांगलं पाहिलं म्हणून. बिल झालं ७८,४०० रुपये. आधी तोंडी साठ सांगितले होते. वरचे का, तर सुई वेगळी, मशीनचं भाडं वेगळं. एकट्या सुईचे ३१,००० आणि ती एकदाच वापरायची. एकदाच वापरायची हे मला पटतं, दुसऱ्याच्या हाडातली सुई माझ्या लेकराला नको. पण मग साठ सांगताना ती सुई कोणाच्या खिशात होती? सरकारी योजनेची सोय त्या दवाखान्यात या कामासाठी नव्हती. तुम्ही जाल तिथं हे आधी विचारा, आणि सुईसकट, भाड्यासकट, सीटीसकट आकडा कागदावर घ्या. मी दुकानात साठवलेलं ४२ किलो जळकं तांबं विकलं, थोडं सोयाबीन राहिलं होतं ते काढलं, बाकी मेव्हण्यानं दिले.

आणि ती पट्टी. घरी आल्यावर कपडे बदलताना बायकोला पोट्ट्याच्या उजव्या मांडीवर, म्हणजे ज्या पायाला काही झालंच नव्हतं त्यावर, लालसर चौकोनी छाप दिसला आणि छापाच्या एका कोपऱ्यावर रुपयाएवढा फोड. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी आहे. अ‍ॅलर्जी असती तर अख्खा चौकोन फुगला असता, एकच कोपरा नाही. मी पोट्ट्याला घेऊन परत नागपूरला गेलो आणि तिथल्या बाईंना म्हटलं, ताई, ही अ‍ॅलर्जी नाही, हा लूज जोड आहे. पट्टीचा कोपरा उचललेला असणार, घाम असेल नाहीतर पुसायचं औषध वाळलं नसेल, आणि उरलेल्या कडेनं सगळा करंट ओढला. अशा पट्टीची सुईकडची कड तशीही जास्त तापते. डॉक्टरांनी पाहिलं, हो म्हणाले, मलम दिलं, आणि मी सांगितल्यावर कार्डावर लिहिलंही. वाईट एवढंच वाटलं की पहिल्या फोनला कोणी बघून या म्हटलं नाही. मांडीवर लव असेल तर आधी काढा, कातडी कोरडी आहे का पाहा, आणि पट्टी लावणाऱ्याला सांगा की कोपरे दाबून घ्या. भूल देण्याआधी पट्टी लावत असतील तर तेवढं म्हणायला वेळ मिळतो.

फोड तीन आठवड्यांत बसला. परवा होळीच्या आदल्या दिवशी पोट्टा अंघोळ करून आला तेव्हा बुढीनं त्याला अंगणात थांबवून डाव्या मांडीवर बिब्बेवाल्यांचा डाग असतो तसा डाग शोधला. तिला सापडेना. मी बॅटरी आणली. सुईचं भोक जिथं असायला पाहिजे तिथं दोघांनी मिळून पाहिलं, आम्हाला काहीच दिसलं नाही. पोट्टा कंटाळला, वळला आणि उजवी मांडी पुढे करून तो फिकट कोपरा दाखवत म्हणाला, "आजी, हे पाय. बाबाचं लूज कनेक्शन."